टाका वाचणारे, टाका घालणाऱ्या

आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर एक चित्र वर्षातून दोन-तीनदा हमखास येतं. डावीकडे उत्तर रशियातल्या व्होलोग्दा भागातला पांढरा टॉवेल, त्याच्या टोकाला लाल दोऱ्यानं भरलेले स्वस्तिक, शंकरपाळ्यासारख्या चौकटी आणि पक्षी. उजवीकडे आपल्याकडची रांगोळी, नाहीतर इरकली पदरावरचं कसुतीचं भरतकाम. खाली मजकूर असतो: आर्यांचं मूळ घर उत्तर ध्रुवाजवळ होतं, हे लोकमान्यांनी सव्वाशे वर्षांपूर्वी सांगितलं होतं, आता रशियन विदुषींनी तिथल्या भरतकामातून ते सिद्ध केलं आहे. गटावरची पंधरा-वीस माणसं हात जोडतात. पूर्वी मीही जोडले आहेत.

आता जोडत नाही. त्या चित्रातला टॉवेल मला आवडतो, म्हणूनच जोडत नाही. त्या कापडाकडे पूर्वजांची गुप्त लिपी म्हणून पाहायची सवय गेल्या दीडशे वर्षांत आधी रशियन विद्वानांना, मग रशियन बाजाराला आणि आता आपल्यालाही लागली. तिनं सगळ्यात मोठं नुकसान केलं ते ज्या बाईनं तो टॉवेल भरला तिचं. ती तिच्याच कापडावरून पुसली गेली. हा प्रश्न फक्त रशियाचा नाही. पण उदाहरण रशियाचं आहे, तर ते रशियातच ठेवून पाहू.

आधी ती वस्तू. टॉवेल म्हणताना अंग पुसायचा पंचा डोळ्यासमोर आणू नये. हातभर रुंद आणि दोन-तीन मीटर लांब असा हा पट्टा असतो, भरतकाम फक्त दोन्ही टोकांना. तो घरातल्या देवकोपऱ्यात, ख्रिस्ताच्या आणि संतांच्या तसबिरींवरून दोन्ही बाजूंना सोडलेला असे. त्या कोपऱ्याला ‘क्रास्नी’ कोपरा म्हणतात. आजच्या रशियनमध्ये क्रास्नी म्हणजे लाल, जुन्या भाषेत त्याचाच अर्थ सुंदर. लग्नात असे टॉवेल सोयरीक जमवणाऱ्याच्या खांद्यावरून बांधत, वरातीच्या घोड्यांना बांधत, नवऱ्यामुलाच्या नातेवाइकांना मानपान म्हणून देत. पाहुण्यापुढे भाकर आणि मीठ ठेवायचं ते टॉवेलावर. माणूस गेला की शवपेटी खड्ड्यात उतरवायची तीही टॉवेलांवरूनच.

कापड जवसाच्या धाग्याचं. आपल्याला जवस चटणीपुरता आणि तेलापुरता ठाऊक. तिकडे उंच वाढणारा जवस धाग्यासाठी लावत. तो मुळासकट उपटायचा, पाण्यात किंवा दवात कुजवायचा, वाळवायचा, कुटायचा, झोडायचा, विंचरायचा, त्याचं सूत काढायचं, विणायचं आणि विणलेलं कापड उन्हात, गवतावर नाहीतर सरत्या हिवाळ्याच्या बर्फावर पसरून उजळवायचं. हे सगळं बायकांकडे. सहा-सात वर्षांची मुलगी चातीला आणि सुईला हात लावायची, ते लग्नापर्यंत तिची पेटी भरत राहायची. हिवाळ्याच्या रात्री एखाद्या घरी मुली जमत, लाकडाची ढलपी पेटवून तिच्या उजेडात काम चाले, गाणी होत, मुलगे डोकावून जात. लग्नात ती पेटी उघडली की गाव ते काम पाही आणि मुलीचा हात कसा आहे ते ठरवी. आपल्या रुखवताच्या टेबलाशी उभ्या राहून फुलीच्या टाक्याचा रुमाल उलटून बघणाऱ्या आत्याबाई ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हा प्रसंग समजावून सांगायला नको.

रुमाल उलटून बघण्याला तिकडेही अर्थ होता. उत्तरेतल्या जुन्या टॉवेलांवरचा मुख्य टाका ‘रोस्पिस’. त्याला छापील नक्षी लागत नाही, कापडावर रेघ मारावी लागत नाही. उभे-आडवे धागे मोजायचे आणि साधा धावदोरा घालत जायचं: तीन धागे वर, तीन खाली, कधी आडवं, कधी तिरकं. एक फेरी संपली की आकृती अर्धी दिसते, मध्ये मध्ये तुटलेली. मग त्याच वाटेनं परत फिरायचं आणि राहिलेल्या जागा भरायच्या. दुसरी फेरी पुरी झाली की रेघ सलग होते, आणि ती दोन्ही बाजूंनी सलग होते. गाठ नाही, उलटी बाजू नाही. देवकोपऱ्यात लटकणाऱ्या, वाऱ्यानं उलटणाऱ्या, लग्नात हातोहात फिरणाऱ्या कापडासाठी हेच योग्य. ओलोनेत्स भागात याला ‘दोस्युल्नी’ टाका म्हणत, म्हणजे पूर्वापारचा, आधीच्यांचा.

आता ज्यांना कसुती येते त्यांनी ओळखलं असेल. हा आपला गवंती टाका आहे. तीच दोन फेऱ्यांची वाट, तोच गाठ न मारण्याचा नियम, तीच दोन्हीकडून सारखी रेघ. हा टाका युरोपात स्पेनपासून जर्मनीपर्यंत सापडतो. धारवाडची बाई आणि व्होलोग्दाची बाई एकमेकींना कधी भेटल्या नाहीत. दोघींपुढे उभ्या-आडव्या धाग्यांचं कापड होतं, हातात सुई होती. अशा कापडावर धागे मोजून चालायचं ठरवलं की काही आकार आपोआप समोर येतात: पायऱ्या, करवतीचे दाते, शंकरपाळे, आकडे असलेला क्रूस. गोलाई येत नाही, म्हणून पक्ष्याची छाती कोनाची होते. स्वस्तिकही यातच येतं. क्रूसाचे चार हात एकेक घर वळवले की झालं. गटावरच्या चित्रातलं साम्य खरंच आहे. ते सांगतं काय, तर दोन्हीकडे विणलेलं कापड होतं आणि मोजता येणाऱ्या बायका होत्या. मला हे साम्य वेदांच्या पुराव्यापेक्षा कमी मोलाचं वाटत नाही. पण त्यातून कुणाचं मूळ घर ठरत नाही.

रशियन भरतकाम म्हणजे फक्त हे लाल-पांढरं उत्तरेचं काम नव्हे, एवढं जाता जाता सांगायला हवं. दक्षिणेला र्‍याझान, तुला, ओर्योल, व्होरोनेझकडे रंग वाढतात, पक्षी-घोडे मागे पडून चौकटी-शंकरपाळे पुढे येतात. कालुगाकडे कापडाचे धागे काढून जाळी करतात आणि ती रंगीत दोऱ्यांनी वेढतात. तोर्झोकला जरीकाम. नोव्हगोरोद भागातल्या क्रेस्त्सीला पांढऱ्यावर पांढरी जाळीची नक्षी, काचेवर गोठलेल्या हिमासारखी.

वाचणाऱ्यांची गोष्ट १८७२ साली सुरू होते असं म्हणायला हरकत नाही. त्या वर्षी कलासमीक्षक व्लादिमीर स्तासोव यांनी रशियन लोकनक्षीवरचा आपला मोठा ग्रंथ काढला. प्राचीन लोकांच्या नक्षीत एकही रेघ फुकटची नसते, प्रत्येक रेघ म्हणजे जणू एक शब्द, असं त्यांचं त्यातलं प्रतिपादन आजही रशियात भरतकामाच्या प्रत्येक दुसऱ्या लेखाच्या सुरुवातीला दिसतं. त्यांचं दुसरं प्रतिपादन मात्र सहसा दिसत नाही. रशियन भरतकामातली नक्षी मोठ्या प्रमाणात शेजारच्या फिनी लोकांकडून आणि इराणकडून आली, असंही स्तासोव सांगत होते. देशाभिमानाला पहिलं वाक्य सोयीचं पडलं, दुसरं अडचणीचं.

मग १९२६ साली पुरातत्त्वज्ञ वासिली गोरोद्त्सोव यांनी उत्तरेच्या टॉवेलांवरची एक ठरलेली रचना उचलली: मध्ये हात वर केलेली बाई, दोन्ही बाजूंना घोडेस्वार. ही महादेवी, असं त्यांनी म्हटलं आणि तिचं नातं इसवी सनाच्या पहिल्या शतकांतल्या डॅन्यूबकाठच्या कोरीव फलकांशी जोडलं. टॉवेल बहुतेक १८व्या-१९व्या शतकातले, फलक त्याआधी दीड हजार वर्षांचे. मधल्या काळातलं कापड कुजून गेलेलं. बोरिस रिबाकोव त्यापुढे गेले. १९८१च्या त्यांच्या ग्रंथात १९व्या शतकातल्या शेतकरणीच्या टॉवेलावर शिकारी युगातल्या, हरणांना जन्म देणाऱ्या देवता दिसू लागल्या. रिबाकोव सोव्हिएत पुरातत्त्वातलं मोठं प्रस्थ, त्यामुळे प्रश्न विचारणारे थोडे. पुढे पुरातत्त्वज्ञ लेव क्लेन यांनी २००४ साली त्यांच्या पद्धतीची कठोर तपासणी केली. गालिना मास्लोवा यांच्यासारख्या अभ्यासिकेनं १९७८ साली वेगळी वाट दाखवून दिली होती: कुठल्या जिल्ह्यात कुठला टाका, कुठला दोरा, कुठली आकृती, हे आधी नकाशावर मांडा, शेजारच्या कारेली आणि वेप्स लोकांचं काम बाजूला ठेवून पाहा, मग बोला. पण नकाशापेक्षा देवी जास्त खपते.

आता आपल्या दाराशी येऊ. टिळकांचा ‘आर्क्टिक होम’ हा ग्रंथ १९०३ साली पुण्याहून निघाला. त्यांचा आधार ऋग्वेदातल्या उषासूक्तांचा होता: दिवसेंदिवस चालणारी पहाट, सहा महिन्यांचा दिवस, लांबलेली रात्र. त्यांनी आपला पुरावा समोर मांडला, शास्त्रज्ञांशी वाद घातला. आज तो सिद्धान्त विद्वान मानत नाहीत, तरी त्यामागची मेहनत खोटी ठरत नाही. भरतकामाचा मात्र त्यात कुठे संबंध नव्हता. तो जोडला गेला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. भारतविद्येच्या अभ्यासक नताल्या गुसेवा यांनी टिळकांच्या ग्रंथाचा पुरस्कार केला आणि त्याचं रशियन भाषांतरही केलं. व्होलोग्दाच्या स्वेतलाना झार्निकोवा यांनी तिथल्या नक्षीतून आणि नद्यांच्या नावांतून आर्यांचं उत्तरेतलं घर दाखवायचा प्रयत्न आयुष्यभर केला. पुण्यातून निघालेली कल्पना व्होलोग्दाला जाऊन, लाल दोऱ्यात गुंडाळून, मोबाइलवरून परत पुण्यात आली. म्हणून मराठी माणसाला या प्रश्नावर बोलण्याचा हक्क आहे आणि जबाबदारीही आहे.

व्होलोग्दा-अर्खांगेल्स्कच्या जंगलात रशियन शेतकरी नोव्हगोरोद आणि रोस्तोवकडून मध्ययुगात गेला. तिथे आधीपासून फिनी कुळातले लोक राहत होते. कित्येक नद्यांची नावं त्यांच्या भाषांतली आहेत, आणि त्यांचे वंशज कारेली आणि वेप्स आजही तिथे आहेत. त्यांच्या बायका तोच दोन फेऱ्यांचा टाका घालत आल्या, तसेच पक्षी काढत आल्या. त्या टॉवेलाला ‘शुद्ध आर्य’ म्हटलं की आपला अभिमान सुखावतो, पण एका लहान समाजाच्या आजीचं काम आपण दुसऱ्याच्या नावावर चढवतो. महाराष्ट्रात वारली चित्रं छापील पडद्यांवर बघणाऱ्यांना हे दुखणं अनोळखी नसावं.

आता टॉवेल भरणाऱ्यांनाच विचारलं तर? विचारलं गेलं होतं. १९व्या आणि २०व्या शतकातल्या संग्राहकांनी खेड्यांत फिरून आकृत्यांची नावं टिपून ठेवली आहेत, आणि ती नावं मला देवींपेक्षा कितीतरी जिवंत वाटतात. ज्या दातेरी शंकरपाळ्याला पंडित पेरलेल्या शेताचं प्राचीन चिन्ह म्हणतात, त्याला दक्षिणेतल्या बायका ‘रेपेय’ म्हणत. हे एक रानटी झाड आहे; त्याची काटेरी बोंडं वाटेनं जाताना घागऱ्याला चिकटतात, आपल्याकडे कुसळं चिकटतात तशी. जन्म देणारी देवी म्हणून प्रसिद्ध झालेल्या आकृतीला कुठे ‘बेडकी’ म्हणत. बाकी ‘घोडे’, ‘लांडोरी’, ‘फण्या’, ‘आकडे’, आणि मधल्या महादेवीला नुसतं ‘बाबा’. रशियनमध्ये बाबा म्हणजे बाई.

पंडितांचं यावर उत्तर ठरलेलं आहे: खेडुत बायका मूळ अर्थ विसरल्या होत्या. हे उत्तर मला मान्य नाही. एखाद्या माणसाला आपल्या कामाचा अर्थ विचारायचा, त्यानं सांगितलेला अर्थ बाजूला ठेवायचा आणि त्याला विस्मरण झालंय असं लिहायचं, ही अभ्यासाची रीत नव्हे. शिवाय त्या विसरल्या नव्हत्या, त्या पाहत होत्या. उत्तरेच्या टॉवेलांवर दोन डोक्यांचा गरुड भरपूर दिसतो. तो इव्हान तिसऱ्याच्या १४९७च्या राजमुद्रेवर अवतरला, मग नाण्यांवरून, शिक्क्यांवरून खेड्यात पोचला आणि बायकांनी त्याच्या छातीवर फूल, झाड, चौकट जे रुचेल ते बसवलं. १८व्या शतकात फुगीर घागऱ्यातल्या शहरी बाया आणि त्यांचे सरदार आले. गाड्या आल्या, जहाजं आली. एखादी बाई जत्रेला किंवा शहरात जाई, काहीतरी बघून येई आणि हिवाळ्यात ते धागे मोजून कापडावर उतरवी. यात मला नकलेपेक्षा निवड दिसते. गरुडाला मान किती धाग्यांची द्यायची, हा निर्णय राजाचा नव्हता.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त विचार करायला लावणारी हकीकत एका साबणाची आहे. १८६४ साली आंरी ब्रोकार या फ्रेंच गृहस्थानं मॉस्कोत सुगंधी द्रव्यांचा आणि साबणाचा कारखाना काढला. गरिबाला परवडेल असा स्वस्त साबण त्यानं बाजारात आणला आणि त्याबरोबर फुलीच्या टाक्याचे छापील नमुने फुकट वाटले. गुलाब, द्राक्षवेली, लाल आणि काळ्या रंगात. थोड्याच वर्षांत रशियात, युक्रेनमध्ये, बेलारूसमध्ये खेडोपाडी गुलाब फुलले. मासिकांच्या पुरवण्यांनीही तेच केलं. दोन फेऱ्यांचा जुना टाका मागे पडला, फुली पुढे आली. आज ज्याला अनेक जण ‘आजीच्या आजीपासूनचं’ लाल-काळं भरतकाम म्हणून जपतात, त्यातलं बरंचसं साबणाच्या कागदावरून आलेलं आहे.

अभ्यासक हे सांगताना हळहळतात. मीही एका बाजूनं हळहळतो. दोन्ही बाजूंनी सारखा दिसणारा टाका सोडून एकाच बाजूनं नीट दिसणारा टाका घेणं हे कसबाचं नुकसानच आहे. पण त्या मुलीच्या जागी उभं राहून पाहा. तिच्या पेटीसाठी तिला ठरावीक मुदतीत पंचवीस-तीस टॉवेल भरायचे आहेत. फुली लवकर भरते. गुलाब नवा आहे, मैत्रिणींमध्ये उठून दिसतो. तिनं गुलाब घेतला. कुणा पंडिताची परंपरा राखून ठेवायला तिचा जन्म झाला नव्हता. हा तिचा अधिकार मान्य करायचा असेल, तर ‘खरं’ भरतकाम आणि ‘बिघडलेलं’ भरतकाम अशी सरळ वाटणी करता येत नाही. मी ती करत नाही. रोस्पिस मला जास्त आवडतो, एवढंच म्हणतो, आणि तो शिकवणारी बाई कुठे राहिली असेल तर तिला पैसे मोजून शिष्या मिळाव्यात असं म्हणतो.

यावर कुणी विचारेल, मग या कापडांना काही अर्थच नव्हता का? होता, फार मोठा होता. गळा, मनगट, घेर या कपड्याच्या कडांना नक्षी असली की वाईट आत शिरत नाही, ही समजूत नोंदलेली आहे. त्याच वेळी सराफानाबाहेर, म्हणजे सदऱ्यावरून घालायच्या बिनबाह्यांच्या लांब झग्याबाहेर, दिसणारे भागही बाह्या आणि घेर हेच, हेही खरं. गवत कापणीच्या पहिल्या दिवशी बायका घेराला रुंद भरतकाम असलेला खास सदरा घालून शेतात जात, सणाला जावं तशा. काही आकृत्या खरोखर फार जुन्या असतील, ते मी नाकारत नाही. पण अर्थ कुठे राहतो याचा सगळ्यात स्पष्ट दाखला मला सापडतो तो नक्षीत नाही. लोकजीवनाचे अभ्यासक द्मित्री झेलेनिन यांनी १९११ साली रशियन आणि बेलारूसी खेड्यांतल्या एका प्रथेवर लिहिलं: एका दिवसात केलेले टॉवेल. माणसांत साथ आली, गुरांत रोग आला, पाऊस हटला, की गावातल्या बायका एकत्र जमत आणि एका दिवसात, सूर्य उगवण्या-मावळण्याच्या आत किंवा एका रात्रीत, सूत काढण्यापासून विणण्यापर्यंत सगळं उरकून एक कापड पुरं करत. ते चर्चमध्ये वाहत, क्रूसावर बांधत, त्याखालून माणसं-गुरं नेत. घाईत केलेल्या त्या कापडात नक्षीला फारसा वाव नव्हता. त्याची शक्ती यात होती की गावातल्या सगळ्या बायकांचे हात त्या एका दिवसात त्याला लागले होते.

लिपी वाचणाऱ्यांनी या टॉवेलाचं काय करायचं? त्यावर वाचण्यासारखं फार काही नाही. आणि तरीही सगळ्यांत पवित्र टॉवेल तोच.

संग्रहालयांकडे वळतो, कारण पुसण्याचं काम तिथेही झालं आहे. नताल्या शाबेल्स्काया या जमीनदारीणबाईंनी १९व्या शतकाच्या अखेरीस पोशाख आणि भरतकामाचा प्रचंड संग्रह केला; त्यातला मोठा भाग सेंट पीटर्सबर्गच्या वांशिक संग्रहालयात आहे, काही अमेरिकेत ब्रुकलिनच्या संग्रहालयात पोचला. त्यांच्यामुळे हे कापड वाचलं, याबद्दल कृतज्ञताच आहे. पण अशा संग्रहांतल्या चिठ्ठ्या पाहा: प्रांत, जिल्हा, शतक, संग्राहकाचं नाव. भरणारीचं नाव जवळजवळ कधीच नाही. तिला विचारणं अवघड नव्हतं. कित्येकदा कापड तिच्या किंवा तिच्या सुनेच्याच हातून विकत घेतलं होतं. १८९१च्या दुष्काळात तांबोव प्रांतातल्या सोलोमेन्का गावी मारिया याकुंचिकोवा यांनी उपाशी बायकांना रोजगार म्हणून भरतकामाची कार्यशाळा काढली. चांगलं काम केलं. तिथल्या वस्तू १९००च्या पॅरिस प्रदर्शनापर्यंत गेल्या. इतिहासात नावं राहिली ती नक्षी काढून देणाऱ्या शहरी चित्रकारांची आणि मालकिणींची. टाके घालणाऱ्या ‘शेतकरी बायका’ राहिल्या. सोव्हिएत काळात सहकारी मंडळ्या झाल्या, मग कारखाने. बायकांना पगार मिळाला, काम शिकवणारी शाळा मिळाली, हे मोठं होतं. पण तिथेही नमुना काढणारा कलावंत आणि तो शंभरदा भरणारी कामगार अशीच विभागणी राहिली.

‘लोककला निनावीच असते’ हे वाक्य मला पटत नाही, आणि न पटण्याचं कारण महाराष्ट्रात आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करायला घेतल्या, तेव्हा ओवीसोबत गाणारीचं नाव आणि गाव टिपलं. एक लाखाहून जास्त ओव्या आहेत त्या. ओवीही परंपरेची, तीही आईकडून आलेली, तीही कुणाची एकटीची नव्हे. तरी ती गाणारीच्या नावानं उभी आहे. जे ओवीला जमलं ते टाक्याला न जमायला कारण काय?

आजच्या रशियात हा प्रश्न जुना झालेला नाही. ‘ओबेरेग’, म्हणजे रक्षण करणारी वस्तू, या नावानं भरलेले सदरे, पट्टे, टॉवेल मोठ्या प्रमाणावर विकले जातात, बहुतेक यंत्रावर भरलेले, सोबत एक तक्ता: ही चौकट लग्न जमण्यासाठी, हा तारा मुलांसाठी, हे चक्र पैशासाठी. तक्त्यातली कित्येक ‘प्राचीन’ नावं विसाव्या शतकात घडवलेली आहेत. यंत्राचा टाका असला म्हणून मी दोष देत नाही. पण गिऱ्हाईक तिथे अर्थासाठी पैसे मोजतं, हातासाठी नाही, आणि अर्थ छापायला काहीच खर्च येत नाही. हातानं भरलेला टॉवेल मागे पडतो, कारण त्याच्यासोबत तक्ता नसतो आणि त्याला महिने लागलेले असतात. याच तक्त्यांतून शुद्ध रक्ताची, शेजाऱ्यांपासून अलिप्त अशा जमातीची भाषाही बोलली जाते. युक्रेनवरच्या युद्धाच्या या वर्षांत, जेव्हा दोन्हीकडच्या आज्यांनी एकाच साबणाच्या कागदावरून गुलाब भरले होते, तेव्हा ती भाषा मला ऐकवत नाही.

रशियात १९९९चा लोककला-उद्योगांचा कायदा आहे. तो तज्ज्ञांच्या परिषदेला वस्तू अस्सल आहे का हे ठरवायला सांगतो आणि त्याची मांडणी मुख्यतः संस्था-कारखान्यांभोवती आहे. कारखाने जगायला हवेतच. क्रेस्त्सी, तोर्झोकसारख्या ठिकाणी त्यांच्यामुळेच काम टिकलं. पण खेड्यात एकटी बसून धागे मोजणारी बाई त्या चौकटीत नीट बसत नाही. वस्तू अस्सल आहे का हे विचारण्याआधी ती कुणी केली, किती दिवसांत केली आणि तिला काय मिळालं, ही तीन उत्तरं चिठ्ठीवर लिहायला लावणारा कायदा मला हवा आहे. तिथेही आणि इथेही.

मागच्या वेळी ते चित्र गटावर आलं तेव्हा हात न जोडता मी विचारलं, ‘हा टॉवेल कुणी भरलाय, लिहिलंय का कुठे?’ उत्तर आलं नाही. दोन तासांनी बेळगावच्या मावशीचा वेगळा निरोप आला. तिला वेदांचं काही विचारायचं नव्हतं. ‘मागच्या बाजूचा फोटो आहे का तुझ्याकडे?’ मी शोधून पाठवला. दुसऱ्या दिवशी तिनं मॅटीच्या तुकड्यावर लाल दोऱ्यानं भरलेला बोटभर पक्षी पाठवला, पुढून आणि मागून, दोन फोटो. कुठला पुढचा ते मला ओळखता येईना. खाली तिनं लिहिलं होतं, ‘मान गवंतीचीच आहे. शेपटीला परतताना दोन घरं चुकले, उसवून पुन्हा घातली.’